डूप्रिव्हिलेज्डने स्टॅक कमी होत नाही, वाढतो

जावा ८ च्या जुन्या प्रोजेक्टवर टाकलं की स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या मेथडने कोणाला कॉल केलं, त्या स्टॅकची छापलेली यादी) हमखास भेटणारी ओळ म्हणजे ॲक्सेसकंट्रोलर.डूप्रिव्हिलेज्ड, पुढे नेटिव्ह मेथड, म्हणजे जावात न लिहिलेली मेथड. फ्रेशर मंडळी ती सोडून देतात, आणि इंटरव्ह्यूत विचारलं की ठोकून सांगतात, तिथे स्टॅक तुटतो. तुटत नाही हो.

सिक्युरिटी मॅनेजर (कुठल्या कोडला काय करायची परवानगी आहे ते बघणारा जावाचा भाग) चालू असेल आणि कोड फाईल उघडायला गेला, की आत्ताच्या मेथडपासून मागे मागे जात प्रत्येक कॉलरची परवानगी बघितली जाते, एकाकडे जरी नसली तरी एक्सेप्शन. डूप्रिव्हिलेज्ड ही तपासणी थांबवतं, तेही ज्याने ते कॉल केलं त्याला तपासूनच. त्याच्या मागचे कॉलर तपासले जात नाहीत एवढंच, त्यांच्या फ्रेम्स (प्रत्येक चालू कॉलची स्टॅकवरची नोंद) स्टॅकवर जागच्या जागीच असतात, आणि वर डूप्रिव्हिलेज्डची फ्रेम आणि रनची (त्याला दिलेलं काम, म्हणजे ॲक्शन, जिच्यात असतं ती मेथड) फ्रेम आणखी चढतात.

यूआरएलक्लासलोडरच्या (क्लास लोड करणारा जावाचाच क्लास, तोही डूप्रिव्हिलेज्ड वापरतो) ट्रेसमध्ये रन लागोपाठ दोनदा दिसतं, तेव्हा रिकर्शन झालं की काय असं वाटतं, पण जेनेरिक्समुळे कंपायलरने एक ब्रिज मेथड (मधली जोडणारी मेथड) घातलेली असते, ती ऑब्जेक्ट परत करणारी, आणि ती खऱ्या रनला बोलावते. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं! रनसाठी वेगळा क्लास न लिहिता लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) वापरलात तर ओळी कमी दिसतात, पण काही फ्रेम्स जेव्हीएम नुसत्या लपवतं, असतात त्या.

स्वतः करून बघाच. स्वतःलाच कॉल करणारी मेथड लिहा, काउंटर ठेवा, स्टॅक भरल्यावर येणारा स्टॅकओव्हरफ्लोएरर पकडून आकडा छापा, मग तोच कॉल डूप्रिव्हिलेज्डमधून करा, आकडा चांगलाच खाली येतो. जेआयटीमुळे (चालताना कोड कंपाइल करणारा कंपायलर) दर वेळी वेगळा येईल, म्हणून तो बंद करणारा मायनस एक्सइंट हा पर्याय लावून चालवा. आणि ट्रेसच्या ओळी मोजून खोली ठरवू नका, कारण डिफॉल्टला १०२४ फ्रेम्सच्या पुढे ट्रेस छापलाच जात नाही.

जावा १७ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर काढायच्या यादीत गेला (२०२१), २४ मध्ये कायमचा बंद झाला, आता डूप्रिव्हिलेज्ड फक्त दिलेली ॲक्शन चालवतं. तेव्हा नवीन कोडमध्ये घालू नका, पण जुन्यातून उडवायच्या आधी प्रॉडक्शनला कुठला जावा आहे आणि सिक्युरिटी मॅनेजर लावलाय का ते विचारा, लावलेला असेल तर ते ब्लॉक काढल्या काढल्या परवानग्यांचे एक्सेप्शन सुरू होतील.