जुन्या स्पार्क वर्कस्टेशनवर मुक्त प्रणाली बसवताना या चुका टाळा

सन मायक्रोसिस्टिम्सची, स्पार्क प्रोसेसर असलेली स्पार्कस्टेशन आणि अल्ट्रा मालिकेतील यंत्रे आजही मुक्त स्रोत प्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चांगली चालतात. तरीही त्यांच्यावर प्रणाली बसवताना आलेल्या बहुतेक अपयशांचे खापर विनाकारण प्रणालीवर फोडले जाते. खरा दोष बहुधा तिच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे ओपनबूट या फर्मवेअरमध्ये (प्रणालीच्या आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्राममध्ये), त्याच्या बॅटरीत किंवा केबलमध्ये असतो. त्यामुळे इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याआधी ओपनबूटच्या 'ओके' प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या जागी, थांबून यंत्राची तपासणी करावी, हे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक एनव्हीरॅमकडे, म्हणजे वीज नसतानाही माहिती जपणाऱ्या चिपकडे, दुर्लक्ष करण्याची आहे. या यंत्रांतील घड्याळ, फर्मवेअरच्या सेटिंग्ज आणि यंत्राची ओळख एकाच चिपमध्ये साठवलेली असते, आणि त्या चिपची बॅटरी तिच्याच आवरणात सीलबंद असते. तिचे आयुष्य साधारण 10 वर्षांचे धरले जाते, म्हणजे मूळ चिप असलेल्या बहुतेक यंत्रांत ती केव्हाच संपलेली आहे. यंत्र सुरू करताच आयडीप्रॉममधील (यंत्राची ओळख साठवलेल्या भागातील) मजकूर अवैध असल्याचा संदेश दिसतो आणि मॅक पत्त्याच्या (नेटवर्कवरील यंत्राच्या ओळख क्रमांकाच्या) जागी, एरवी सनच्या यंत्रांत 08:00:20 ने सुरू होणाऱ्या आकड्यांऐवजी, सगळीकडे एफएफ उमटते. हा पत्ता ब्रॉडकास्टसाठी (सर्व यंत्रांना एकाच वेळी संदेश पाठवण्यासाठी) राखीव असल्यामुळे नेटवर्क चालत नाही, आणि माणूस मात्र नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दोष शोधत बसतो. 'ओके' प्रॉम्प्टवरून मॅक पत्ता आणि यंत्राच्या प्रकाराचा बाइट पुन्हा लिहिता येतो, पण बॅटरी मेलेली असेल तर वीज बंद होताच हे सारे पुसले जाते. कायमचा उपाय म्हणजे चिप बदलणे, किंवा तिचे वरचे आवरण काळजीपूर्वक कोरून बाहेरून सीआर2032 सेल जोडणे. बदली चिप घेताना तिच्यावरील निर्मितीचा सांकेतिक आकडा जरूर पाहावा, कारण न वापरता पडून राहिलेल्या चिपचीही बॅटरी उतरते. घड्याळ चुकलेले असेल तर पुढे पॅकेज उतरवताना सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात. तेव्हा सर्व्हरला दोष देण्याआधी तारीख तपासावी.

दुसरी चूक आवृत्तीच्या निवडीत होते. एखाद्या प्रणालीला पूर्वी स्पार्कचा आधार होता, एवढ्यावरून तो आजही आहे असे समजू नये. डेबियन या लिनक्स वितरणाने स्पार्कची अधिकृत आवृत्ती 2013 च्या व्हीझीनंतर काढली नाही, ओपनबीएसडीचा 32-बिट स्पार्क पोर्ट (त्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती) 2016 मधील 5.9 वर थांबला, आणि फ्रीबीएसडीने 13.0 पासून स्पार्क64 (64-बिट स्पार्कचा पोर्ट) वगळले. नेटबीएसडी मात्र 2024 च्या 10.0 आवृत्तीतही 32-बिट आणि 64-बिट अशा दोन्ही स्पार्कवर चालते. विशेषतः 32-बिट यंत्रासाठी मी निःसंकोचपणे तिचीच शिफारस करेन.

पडदा काळा राहिला म्हणजे यंत्र मेले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. यांतील बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना 13डब्ल्यू3 ही जुन्या पद्धतीची मॉनिटर जोडणी असते, आणि साधे अडॅप्टर लावूनही आजचा मॉनिटर त्यांचा सिंक संकेत किंवा 1152 × 900 सारखे रिझोल्यूशन स्वीकारेलच असे नाही. अशा वेळी कीबोर्ड काढून ठेवावा आणि पहिल्या सिरियल पोर्टला नल मोडेम केबलने (दोन यंत्रे थेट जोडणाऱ्या केबलने) दुसरा संगणक जोडून त्याच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये 9600 बॉड, 8 डेटा बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट अशी जुळणी करावी. कीबोर्ड सापडला नाही की ओपनबूट आपोआप सिरियल पोर्टवर बोलू लागते, आणि काळ्या पडद्यामागे काय चालले होते ते वाचता येते.

डिस्क दिसत नसेल तर आधी स्कझी साखळीची (डिस्क आणि इतर उपकरणे एकामागोमाग जोडणाऱ्या जोडणीची) दोन्ही टोके टर्मिनेट झाली आहेत का, म्हणजे तिथे टर्मिनेटर लावले आहेत का, आणि दोन उपकरणांना एकच आयडी तर दिलेला नाही ना, हे पाहावे. जोडलेली उपकरणे दाखवणारी प्रोब-स्कझी ही आज्ञा यासाठीच आहे. मात्र चालू प्रणाली मध्येच थांबवून ती दिल्यास यंत्र लटकू शकते, म्हणून आधी ऑटो-बूट (प्रणाली आपोआप सुरू होणे) बंद करून यंत्र रीसेट करावे. जुन्या यंत्रांना 512 बाइटांच्या ब्लॉकने वाचणारा स्कझी सीडी ड्राइव्ह लागतो. 2048 बाइटांवर अडलेला ड्राइव्ह उपकरणांच्या यादीत दिसतो, पण त्यावरून बूट होत नाही. अल्ट्रा 5 आणि 10 मध्ये स्कझीऐवजी आयडीई ही जोडणी असल्यामुळे हा त्रास नाही, परंतु तिथे 137 जीबीच्या पुढची डिस्क वापरण्याचा हट्ट धरू नये.

सीडीचा नाद सोडून नेटवर्कवरून बूट करणे हा अनेकदा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. तिथे हमखास अडते ते फाइलच्या नावापाशी. फर्मवेअर टीएफटीपी सर्व्हरकडे (नेटवर्कवरून बूटची फाइल देणाऱ्या संगणकाकडे) जी फाइल मागते, तिचे नाव म्हणजे यंत्राचा आयपी पत्ता सोळाच्या पद्धतीत (हेक्साडेसिमलमध्ये) आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. 192.168.1.20 या पत्त्यासाठी ते सी0ए80114 (C0A80114) असे होते, आणि स्पार्कस्टेशन 5 किंवा 20 वर त्यापुढे टिंब देऊन यंत्राचा प्रकार सांगणारा सन4एम (SUN4M) हा प्रत्ययही येतो. नाव अंदाजाने ठेवण्यापेक्षा सर्व्हरच्या नोंदीत यंत्राने नेमके काय मागितले ते वाचावे आणि फाइलला तेच नाव द्यावे. नोंदीत काहीच उमटले नसेल, तर बहुधा यंत्राला आयपी पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा मॅक पत्त्यावरून आयपी पत्ता देणारी रार्प सेवा आणि तिच्यात लिहिलेला मॅक पत्ता तपासावा.

प्रणाली उभी राहिल्यावर कर्नल (प्रणालीचा गाभा) किंवा मोठी पॅकेजे त्याच यंत्रावर कंपाइल करण्याचा मोह होतो. नेटबीएसडीची बिल्ड स्क्रिप्ट वेगवान आधुनिक संगणकावर स्पार्कसाठी संपूर्ण प्रणाली तयार करून देते, आणि तो संगणक लिनक्सवर चालत असला तरी चालते. जुन्या प्रोसेसरला आणि त्याहून जुन्या वीजपुरवठ्याला दिवसरात्र पूर्ण भाराखाली राबवण्याचे काही कारण नाही.