कोळीगीतं घेऊन परदेशी निघालेल्या गिटारवृंदाची तयारी

हिवाळ्यात युरोपचा दौरा ठरला असेल, तर आधी लाकडाची सोय पाहा. ठाणे-वाशीच्या खाडीकाठची दमट हवा पिऊन बसलेली गिटार तिकडच्या हीटर लावलेल्या सभागृहात जाते. तिथे आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या खाली असते. लाकूड आकसतं, वरची फळी बसते, तारा पडद्यांवर खडखडतात आणि दुर्लक्ष झालं तर ब्रिजमागे (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीमागे) चीर पडते. म्हणून पंधरा दिवस आधीपासून गिटार हार्डकेसमध्ये, ४५ ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटांसह ठेवा. सिलिका जेल नको. ते नुसतं शोषतं, आणि तिकडे पोचल्यावर तेच घात करतं. विमानासाठी तारा एक सूर उतरवा. पार सैल केल्या तर आतल्या सळईमुळे मान मागे वाकते. थंडीतून आत आल्यावर केस लगेच उघडू नका, पॉलिशला बारीक तडे जातात.

ढोलकीचं उलट. कोरड्या हवेत पुडी (तोंडावरचं कातडं) ताणते, सूर चढतो. जादा पुडी घ्या आणि सूर लावायची हातोडी चेक-इनच्या सामानात टाका, केबिनमध्ये ती सोडत नाहीत.

वाद्यांचे अनुक्रमांक लिहून फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून एटीए कार्ने, म्हणजे सामान शुल्क न भरता तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद, काढा. मुदत जास्तीत जास्त वर्षभर. जाताना कस्टम्सचा शिक्का घाईत राहून गेला, तर परतताना आपल्याच गिटारीवर आयात शुल्काचा वाद उभा राहतो. शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून साइट्समध्ये (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, CITES) सूट आहे, ब्राझिलियन शिसवीला नाही. जुनी गिटार नेत असाल तर तिची पाठ जाणकाराला दाखवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरात निघायचं तर तो गणपतीआधीच उरका, नंतर नवरात्र संपेपर्यंत ढोलकीवाला हाती लागणार नाही.

तालमीत एकच गोष्ट घासून घ्या. कोळीगीताच्या सहा मात्रांत जोर पहिलीवर आणि चौथीवर. गिटारवाल्याचा हात एक-तीन-पाचवर पडू लागला की त्याचा वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा युरोपी नाचाचा ताल) होतो, आणि परक्या श्रोत्यांना तो आवडतोही, हीच पंचाईत. गायिकेची पट्टी काळी चार (जी शार्प) असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवा. आगरी लग्नातल्या धवल्यावर (विधींच्या वेळी गायल्या जाणाऱ्या गाण्यावर) कॉर्ड लादू नका. षड्ज-पंचम धरून ठेवलेत तरी पुरे.

आयोजकांना गाण्यांची यादी देताना प्रत्येकापुढे कवी-संगीतकार लिहा. ‘पारंपरिक’ म्हणून गायली जाणारी बरीच कोळीगीतं कुणीतरी रचलेली आहेत, आणि सादरीकरणाची रॉयल्टी त्यांच्या नावे जमा व्हायची असते.