लॉकरमधली गिन्नी मोडायच्या आधी एवढं नक्की बघा

आपल्याकडे बऱ्याच घरांत एखादी तरी गिन्नी असते आणि लग्न निघालं की ती सोनाराकडे जाऊन वजनावर मोडली जाते. आमच्याकडच्या तीन अशाच गेल्या, कुणी साधं वर्षसुद्धा वाचलं नाही, मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आपण जिला गिन्नी म्हणतो ती बहुतेक वेळा ब्रिटिश सॉव्हरिन असते, एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज (व्हिक्टोरियाच्या काही जुन्या नाण्यांवर त्याऐवजी ढाल असते).

सगळ्यात आधी, प्लीज, पुसू नका. चिंच नाही, रिठे नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही आणि सोनाराकडून उजळवून घेणं तर नकोच. नाणं एकदा घासलं की त्याची मूळ झळाळी गेली ती गेलीच, आणि कलेक्टर लोक तिचेच तर पैसे देतात. कडेला धरा, सपाट बाजूंवर बोटं लावू नका.

मग वजन. ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, व्यास साधारण २२ मिमी. थोडी झीज चालते, पण ७.९३ च्या खाली गेलं तर जास्त वापरलेलं, कानस मारलेलं किंवा मग खोटं. घरी अजून एक टेस्ट करता येते, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून काटा झीरो करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका, रीडिंग ०.४५ च्या आसपास यायला हवं. जास्त आलं तर आत हलका धातू आहे. सोनार कसोटीवर घासायला लागला तर थांबवा, कडेवर ओरखडा राहतो, त्यापेक्षा एक्सरेवालं मशीन असेल तिथे जा.

पण सोनं खरं म्हणजे नाणं खरं असं नाही हं, बैरूतमध्ये एकेकाळी खऱ्या सोन्याच्याच नकली सॉव्हरिन बनायच्या. त्यामुळे दहापट भिंगाने अक्षरं बघा, त्यांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटल्या किंवा पृष्ठभागावर बारीक फोड, खड्डे दिसले तर शंका घ्या.

कंडिशनसाठी उंच भाग बघायचे, झीज तिथेच आधी होते. राजाच्या भुवया, कानावरचे केस, दाढी, आणि मागे जॉर्जचं हेल्मेट, घोड्याची छाती. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा, उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरला तर झळाळी शाबूत आहे. आपल्याकडचा मोठा प्रॉब्लेम म्हणजे कडी. माळेत ओवायला वरच्या कडेला डाख दिलेला असतो, काढला तरी खूण राहते आणि मग कितीही जुनं असो, भाव सोन्याच्याच जवळपास.

आता दुर्मिळता, माझा आवडता भाग. जुनं म्हणजे दुर्मिळ हे डोक्यातून काढून टाका, या लाखोंनी पाडल्या गेल्या. महत्त्वाचं असतं वर्ष आणि टांकसाळीची खूण. घोड्याच्या खालच्या जमिनीच्या पट्टीवर, वर्षाच्या वर, मधोमध, लंडनबाहेर पाडलेल्या बहुतेक नाण्यांवर एक बारीक इंग्रजी अक्षर असतं, एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, एसए दक्षिण आफ्रिका, सी कॅनडा. आणि आय म्हणजे इंडिया, आपली मुंबई! जुन्यांत ही खूण फक्त १९१८ च्या नाण्यांवर आहे, जवळपास १३ लाख पाडली होती, फार दुर्मिळ नाहीत पण मागणी आहे, आणि आपल्या गावात पाडलेलं नाणं वितळवायचं कशाला? (२०१३ नंतरच्या नव्या सॉव्हरिनवरही आय आहे, तेवढा गोंधळ करू नका.) त्याच वर्षी मुंबईत त्याच वजनाची १५ रुपयांची मोहरही निघाली होती, ती सापडली तर जपा.

उलट १९१७ ची, कुठलंच अक्षर नसलेली लंडनची सॉव्हरिन खरंच कमी मिळते, म्हणूनच तिच्या नकला जास्त, कधी दुसऱ्या टांकसाळीचं अक्षर खरवडूनही काढलेलं असतं, पट्टीचा मधला भाग भिंगातून नीट तपासा. १८१९ किंवा १८४१ वर्ष दिसलं तर सरळ तज्ज्ञाकडे न्या, स्वतः काही ठरवू नका.

आणि परदेशात मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे विकायचं झालं तरी इथेच, दोन-तीन नाणेवाल्यांचे भाव विचारून, आणि दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवून.