बंदमध्ये गाडी फुटली, तर भरपाई कशी मागाल?
कुठल्यातरी अस्मितेच्या भांडणावरून बंदची हाक येते आणि भुसावळ-जळगाव रस्त्यावर काच फुटते ती त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्याची.

आधी गाडीच्या विम्याची पॉलिसी पाहा. नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) असेल तर स्वतःच्या गाडीचा छदामही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणाऱ्या पॉलिसीत) दंगल-संपाचं नुकसान धरलेलं असतं. जमाव पांगल्यावरच गाडीजवळ जा. चारी बाजूंनी फोटो काढा, नंबरप्लेट आणि आत पडलेला दगडही दिसू द्या. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, एफआयआर नोंदवा (प्रत फुकट मिळते), पंचनामा मागा. तक्रारीत ‘जमावाने दगडफेक केली’ हे स्पष्ट हवं. नुसतं ‘काच फुटली’ लिहिलं की क्लेम अडू शकतो. सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस) पाहून जाईपर्यंत दुरुस्ती नको. घाई नडते ती इथेच.

रावेर-यावलची केळी भरलेला ट्रक असेल तर दुखणं वेगळं. गाडीचा विमा मालाला लागू नाही. मालाचा ट्रान्झिट (वाहतुकीतला) विमा निराळा, त्यात दंगल-संपाचं कलम सहसा जादा पैसे भरून जोडावं लागतं. रास्ता रोकोत अडकून केळी नुसतीच पिकली, तर उशिराचं ते नुकसान त्यातही सहसा बसत नाही. म्हणून बंदची कुणकुण लागली की कापणीच पुढे ढकला. घड झाडावर टिकतो, ट्रकमध्ये नाही.