गाडीचा कंपनी स्टिरिओ सुधारताना: खर्चाचा क्रम आणि फिटिंगची पद्धत

गाडीबरोबर आलेल्या स्टिरिओचा आवाज पसंत नसला की बहुतेक गाडीमालक आधी मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सेट बसवून घेतात, आणि आवाज होता तसाच राहिला की हिरमुसतात. कंपनीच्या व्यवस्थेतला कच्चा दुवा बहुधा सेट नसतो. दरवाजातले हलके कागदी कोनचे स्पीकर आणि ज्या पातळ पत्र्याच्या पोकळ दरवाजात ते बसवलेले असतात तो दरवाजा, हीच खरी अडचण असते. म्हणून खर्चाचा क्रम उलटा धरावा: आधी पुढचे दोन दरवाजे व त्यांतले स्पीकर, मग अँप्लिफायर, त्यानंतर गरज वाटलीच तर सबवूफर (सर्वांत खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर), आणि सेट सर्वांत शेवटी. मागच्या स्पीकरना माझ्या मते हातही लावू नये. गाणे समोरून ऐकू यायला हवे, आणि मागे बसणाऱ्यांना कंपनीचे स्पीकर पुरेसे असतात.

खरेदीला निघण्यापूर्वी दोन आकडे समजून घ्यावेत. सेटच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले तरी तो क्षणिक शिखराचा आकडा असतो. सलग मिळणारी ताकद, जिला आरएमएस म्हणतात, ती प्रत्येक चॅनेलला साधारण १५ ते २० वॅट इतकीच असते. स्पीकरच्या बाबतीतही मोठ्या अक्षरातला आकडा सोडून आरएमएसच वाचावा. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो याचा. यात तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँप्लिफायरची ताकद दुप्पट करण्यासारखे असल्यामुळे, जे तूर्त सेटवरच स्पीकर चालवणार आहेत त्यांनी ८८ डेसिबलचा भारी स्पीकर घेण्यापेक्षा ९१-९२ डेसिबलचा साधा स्पीकर घ्यावा. रोध ४ ओहम असल्याची खात्री करावी. ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, हे दोष नसून योग्यच आहे.

पुढच्या दरवाजांसाठी वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) आणि ट्विटर (तिखट स्वरांचा लहान स्पीकर) वेगळे असलेला कॉम्पोनंट संच घ्यावा. वूफर गुडघ्याच्या खाली असतो, आणि तिखट स्वर तिथून कानापर्यंत पोचेपर्यंत सीट व पाय ते गिळून टाकतात. ट्विटर आरशाजवळच्या तिकोनात किंवा डॅशबोर्डवर बसला की गायकाचा आवाज समोरच्या काचेच्या उंचीवर येतो. ट्विटरची तार खिडकीच्या खांबातून न्यायची असेल आणि गाडीला पडदा एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचांवर उघडणारी एअरबॅग, असेल, तर ती एअरबॅगच्या मागून जाईल आणि तिच्या उघडण्याच्या वाटेत कुठेही येणार नाही हे स्वतः पाहावे. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या तारांना तर मुळीच हात लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि काही मिनिटे थांबावे.

दरवाजाचे पॅड काढणे वाटते तितके अवघड नाही, पण घाई करणाऱ्याची क्लिप तुटतेच. आतल्या हँडलच्या खाचेत आणि हात टेकायच्या जागेत लहान प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली स्क्रू लपलेले असतात. ते काढल्यावर प्लॅस्टिकचा सपाट उचका खालच्या कडेत घालून एकेक क्लिप सोडवत वर जावे. पॅड सुटले म्हणून ओढू नये, कारण पॉवर विंडोचे कपलर (तारा जोडणारे प्लॅस्टिकचे तोंड) आणि हँडलची केबल अजून त्याला जोडलेली असते. आत चिकट काळ्या पट्टीने लावलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो फाडून टाकण्याची सवय काही फिटरना असते, आणि तिथे त्यांना ठामपणे थांबवावे: काचेच्या फटीतून आत शिरणारे पावसाचे पाणी पॅडमध्ये आणि पायाखालच्या गालिच्यात उतरू नये म्हणूनच तो असतो. कोल्हापूरजवळच्या गगनबावड्याच्या घाटात आषाढात गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा असे काम, म्हणजे दरवाजा मुका करणे. बाहेरच्या पत्र्यावर बोट वाजवले तर डब्यासारखा आवाज येतो. वूफर हलताना तो पत्राही हलतो आणि बास तिथेच विरतो. अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या ब्युटाइलच्या, म्हणजे चिकट रबराच्या, शीट यासाठी मिळतात. पत्रा आधी स्पिरिटने पुसून कोरडा करावा, शीट हाताने नव्हे तर छोट्या रोलरने दाबावी, आणि ती सर्वत्र लावण्याचा हट्ट धरू नये. बाहेरच्या पत्र्याचा साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी कंप बराच कमी होतो, आणि स्पीकरच्या नेमक्या मागचा भाग त्यात आलाच पाहिजे. स्वस्त डांबरी शीट उन्हात मऊ पडून घसरते व वास सोडते, ती टाळावी. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. त्यांच्यावर शीटचा तुकडा आला तर दरवाजा आतून पाण्याने भरून गंजू लागतो. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची नोंद घेणारा दाबाचा सेन्सर दरवाजातच असतो, म्हणून पत्र्याला नवी भोके पाडू नयेत आणि त्या सेन्सरचे तोंड झाकू नये.

नवा स्पीकर कंपनीच्या भोकांत थेट क्वचितच बसतो, मधे रिंग लागते. दुकानातून बहुधा एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग पुढे केली जाते. कोरड्या मुलखात ती चालून जाईल, पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि स्क्रूची पकड जाते. कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा इथे घ्यावा. जुन्या स्पीकरची चौकट मापाला घेऊन शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत गेले, तर लेथवर अॅल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची रिंग करून मिळू शकते, आणि ती गाडीपेक्षा जास्त टिकेल. रिंगची जाडी ठरवताना काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मागच्या चुंबकाला ती लागत नाही ना, आणि पुढे पॅडच्या जाळीला कोन घासत नाही ना, हे दोन्ही पाहावे. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी घालावी. फट राहिली की मागची हवा पुढे येऊन बास खाऊन टाकते.

जोडणी करताना कंपनीची तार तोडू नये. गाडीच्या मॉडेलनुसार कपलर मिळते, ते वापरले की वॉरंटीचा वाद उद्भवत नाही आणि गाडी विकताना सर्व काही पूर्ववत करता येते. धन-ऋण ओळखण्यासाठी दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा: कोन बाहेर आला तर सेलचे धन टोक जिथे टेकवले तेच स्पीकरचे धन. डाव्या-उजव्यापैकी एकाच स्पीकरचे धन-ऋण उलटे जोडले गेले तर दोघांचे बास एकमेकांना मारतात, आणि महागडे स्पीकर घेऊनही आवाज पोकळ येतो.

इथवर आल्यावर पंधरा दिवस गाडी तशीच वापरावी. अनेकांना पुढे जाण्याची गरजच वाटत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० वॅट आरएमएसचा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, अँप्लिफायर घ्यावा. कंपनीच्या सेटला बहुधा आरसीए, म्हणजे अँप्लिफायरला सिग्नल देणारी वेगळी तोंडे, नसतात, त्यामुळे स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घेणारा, म्हणजे हाय लेव्हल इनपुट असलेला अँप्लिफायर निवडणे सोपे जाते. त्याचा वीजखर्च काढणे अवघड नाही: चार गुणिले ५० म्हणजे २०० वॅट, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर २५० वॅट, आणि १३.८ व्होल्टला भागले की सुमारे १८ अँपिअर. यासाठी ८ गेजची, म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून सर्रास विकली जाते. एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा, आत चांदीसारखा रंग दिसला तर ती परत करावी.

फ्यूज अँप्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे. त्याचे काम अँप्लिफायर वाचवणे नसून तार वाचवणे आहे, कारण बॉनेटच्या पत्र्यावर घासून तार उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग पेट घेऊ शकतो. इंजिनच्या भिंतीतून तार नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घालावा. अर्थिंगसाठी जवळचा मजबूत पत्रा रंग खरवडून चकचकीत करावा आणि तिथे लांबीने आखूडात आखूड तार कसावी. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर दहातले नऊ दोष याच जोडात निघतात. पॉवरची तार गाडीच्या एका कडेने आणि सिग्नलची दुसऱ्या कडेने न्यावी.

अँप्लिफायरवरचा गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे, तो सेटच्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवण्यासाठी असतो, हे दुकानातल्या लोकांनाही सांगावे लागते. स्पीकरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडवून, इक्वलायझर सपाट ठेवून, सेटचा आवाज तीन चतुर्थांशावर नेऊन १ किलोहर्ट्झचा सलग स्वर वाजवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा. ५० वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १४.१ येते, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवून तिथेच सोडून द्यावा. त्यानंतर दरवाजाच्या स्पीकरचा हाय पास, म्हणजे खालचे स्वर अडवणारी गाळणी, ८० हर्ट्झवर ठेवावा, म्हणजे खालचा भार त्यांच्यावरून उतरतो.

आपल्या गाडीत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा जवळ पडतो. सेटमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये वेळ जुळवण्याची सोय असेल तर टेपने दोन्ही अंतरे मोजावीत. ६० सेंटिमीटरचा फरक असेल तर उजव्या स्पीकरला सुमारे १.७ मिलिसेकंद उशीर द्यावा, की गाणारा डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसतो. तपासायला धडधडती गाणी घेऊ नयेत. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या कोल्हापूरच्या दरबारात सेवा केली त्या गावात राहून एखादा विलंबित ख्याल तरी लावून पाहावा: तानपुऱ्याचा झणत्कार ट्विटरमधून सुटा ऐकू येतो का, आणि डग्ग्याची घुमार दरवाजा न थरथरता मोकळी उमटते का, हे त्यात लगेच कळते.

सबवूफरबद्दल थोडक्यात. मिरवणुकीतला डॉल्बी गाडीत आणायचा नसेल, तर सीटखाली बसणारा, स्वतःचा अँप्लिफायर असलेला ८ इंची सपाट सबवूफर पुरतो. लो पास, म्हणजे वरचे स्वर अडवणारी गाळणी, ८० हर्ट्झवर ठेवून त्याचा आवाज इतकाच वाढवावा की तो बंद केल्यावरच त्याचे असणे जाणवावे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

सेट बदलायचाच असेल तर आपली जागा सिंगल डीन, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरची, की डबल, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरची, हे मोजून घ्यावे, आणि स्टीअरिंगवरची बटणे व रिव्हर्स कॅमेरा चालू राहतील असे अडॅप्टर आधी हातात घेऊनच जुना सेट काढावा. बदललेल्या सेटवर पिवळी तार कायमच्या १२ व्होल्टची, लाल किल्लीवरची आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी-लाल अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी गाडी बंद केल्यावर सेटिंग पुसले जाते.

बसवलेल्या वस्तूंची पावती जपून विम्याच्या नूतनीकरणावेळी कंपनीने न दिलेली विद्युत उपकरणे म्हणून त्यांची नोंद करून घ्यावी. रंकाळा तलावावर इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसणाऱ्यांनी बॅटरीचा दाब अधूनमधून पाहावा. थांबलेल्या गाडीत तो १२.२ व्होल्टवर आला म्हणजे बॅटरी साधारण निम्मी उतरली. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुढच्या दोन्ही दरवाजांच्या तळाची भोके बोटाने चाचपून पाहावीत आणि पायाखालचा गालिचा उचलून खाली ओल आहे का ते बघावे. ओल दिसली तर पॅड पुन्हा उघडून तो पातळ पडदा नव्या ब्युटाइल पट्टीने चिकटवावा.