एडनच्या आखातातून शिडाची बोट नेताना या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते. जहाज-उद्योगाने १ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातलं, चाच्यांच्या धोक्यामुळे आखलेलं ‘अतिजोखमीचं क्षेत्र’ नकाशावरून काढलं, हे वाचून अनेकजण रस्ता मोकळा झाला असं धरतात. त्याच वर्षी १४ डिसेंबरला ‘रुएन’ हे मालवाहू जहाज चाच्यांनी पळवलं. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर त्यावरच्या १७ खलाशांना सोडवलं आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. पुढे लाल समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीजवळ, २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांचा धोका वेगळाच. शिडाच्या बोटींनी या पाण्यात येऊच नये, हा नौदलांचा जुना सल्ला आहे आणि आमचंही मत तेच: बोट मालवाहू जहाजावर चढवून भूमध्य समुद्रात पाठवा, नाहीतर केप ऑफ गुड होपचा वळसा घ्या. पुढचं सगळं, हे मान्य असूनही जाणाऱ्यांसाठी.

मोठ्या जहाजांची नक्कल ही दुसरी चूक. पाण्यापासून आठ मीटरपेक्षा उंच कठडा आणि १८ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वरचा वेग हे त्यांचं खरं संरक्षण असतं. आपल्या बोटीचा कठडा जेमतेम मीटरभर, वेग साडेपाच नॉट, आणि चाच्यांची स्किफ, म्हणजे लहान वेगवान होडी, २५ नॉटने येते. नागमोडी वळणं घेऊन काही साधत नाही. काटेरी तार लावली तर शीड फाटतं आणि कोणी पाण्यात पडला तर त्याला वर ओढता येत नाही. फायबरग्लासमधून गोळी आरपार जाते, त्यामुळे खालच्या केबिनला ‘सुरक्षित खोली’ समजू नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो डिझेलच्या हिशेबात. ओमानमधल्या सलालाहपासून जिबूतीपर्यंत सुमारे ७०० सागरी मैल. वारा पडला तर सगळं अंतर इंजिनवर: साडेपाच नॉटने १२७ तास, तासाला साडेतीन लिटर धरले तर सुमारे ४५० लिटर. पाचवा हिस्सा राखीव धरून ५४०. बारा मीटरच्या बोटीची टाकी २०० लिटरची असेल, तर २० लिटरचे १७ कॅन लागतात. हे कॅन कठड्याला बांधू नका, एका मोठ्या लाटेत बांधणीसकट जातात. डोलकाठीभोवती, बोटीच्या मध्यावर बांधा. निघण्याआधी पाण्यातल्या पंख्यावरचं (प्रोपेलर) शिंपलं-शेवाळ खरवडा. त्यामुळे एक नॉट कमी झाला, तरी प्रवास २८-२९ तासांनी लांबतो.

टाकीच्या तळाचा गाळ बोट डोलू लागली की वर येतो. इंजिनचे फेरे हळूहळू पडतात, थ्रॉटल कमी केल्यावर सावरतात आणि पुन्हा पडतात, म्हणजे फिल्टर तुंबला. टाकी पाव भरलेली असताना मोठ्या हेलकाव्यानंतर इंजिन एकदम बंद पडलं, तर बहुधा हवा शिरली. टाकीकडचा पहिला फिल्टर बदला, नवा स्वच्छ डिझेलने भरूनच बसवा. मग इंजिनवरच्या दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाची दांडी मारत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. दांडी सैल लागत असेल तर पंप बिघडला असं समजून तो उघडू नका. पंप इंजिनातल्या कॅमच्या उंचवट्यावर अडकलेला असतो, इंजिन थोडं फिरवा की दांडी जोर धरते. तरीही सुरू होत नसेल तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारा. मात्र वारंवार स्टार्टर मारताना इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद ठेवा, नाहीतर सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि इंजिन कायमचं जातं. इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी कॉक उघडा. पहिले फिल्टर सहा, दुसरे तीन आणि पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (आतली फिरती चाकं) दोन, इतका साठा हवाच.

हंगाम म्हणाल तर ईशान्य मोसमी वाऱ्याचे जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिलपर्यंत रेंगाळलात तर समुद्र शांत होतो, आणि शांत समुद्र लहान स्किफच्या सोयीचा.

भीतीपोटी एआयएस, म्हणजे आपली जागा रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र, बंद करणं ही समजण्यासारखी, पण चुकीची गोष्ट. चाच्यांपेक्षा नौदलाला आपण दिसणं जास्त महत्त्वाचं असतं, आणि रात्री पंधरा नॉटने येणाऱ्या जहाजांनाही. लहान बोटींवरचं क्लास बी एआयएस यंत्र गंतव्य बंदर सांगत नाही. ते फुटतं रोजच्या फोटोंमधून आणि सगळ्यांना दिसणाऱ्या ट्रॅकरमधून; हे दोन्ही बंद ठेवा. जहाजांशी संपर्क ठेवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ केंद्राकडे आधीच नोंदणी करा, रोज स्थिती कळवा आणि गुरुग्राममधल्या भारतीय नौदलाच्या आयएफसी-आयओआर या सागरी माहिती केंद्रालाही प्रत पाठवा. उपग्रह फोनवरून दोन्ही नंबर निघण्यापूर्वीच लावून बघा. रेडिओवरचं डीएससी बटण, म्हणजे आपोआप संकटाचा संदेश पाठवणारं, काही सेकंद दाबून धरावं लागतं, हे प्रत्येकाला माहीत हवं.

बोटींचा तांडा करायचा तर वेग सर्वात हळू बोटीचा ठेवा, अंतर एक मैलाच्या आत, व्हीएचएफ (जवळच्या अंतराचा रेडिओ) एक वॅटवर, म्हणजे बोलणं लांब जाणार नाही. अक्षांश-रेखांश उच्चारू नका. आधी ठरवलेल्या बिंदूपासून किती मैल, तेवढंच बोला.

येमेनी-ओमानी मच्छीमार चाचे समजले जातात, ही नेहमीची गफलत. जाळं वाचवायला किंवा पाणी मागायला ते जोरात जवळ येतात. जाळं, बोया, मासळी दिसते का पाहा. शिडी, अडकवायचे आकडे, इंधनाचे जादा पिंप, जाळ्याचा पत्ता नाही आणि मागे एखादं गलबत घुटमळतंय, असं दिसलं तर लगेच चॅनल १६ (व्हीएचएफवरचं संकटाचं चॅनल) आणि फोन.

बंदूक ठेवू नका. समोर एके-४७ आणि रॉकेट लाँचर असतात, आणि प्रत्येक बंदरात कायद्याची कटकट वेगळी. चाचे डेकवर आलेच तर हात दिसते ठेवा, झटकन हालचाल किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश नको. सुटकेसाठी नौदलाचे कमांडो चढले, तर पालथे पडा, दोन्ही हात डोक्यावर, हातात काही नाही. त्या पहिल्या मिनिटांत चाचा कोण आणि खलाशी कोण, हे त्यांना ओळखता येत नाही.