मोटरहोमच्या केबल रीलची निगा : नाशिकची माती, गंधक आणि पाऊस

मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, मुक्कामाच्या ठिकाणची वीज आणणारी केबल ज्या रीलवर गुंडाळली जाते, ती रील बिघडते तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो, तर केबलीबरोबर आत गेलेल्या मातीचा आणि ओलाव्याचा असतो. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत गाडी उभी केली की काळी माती केबलीला चिकटते, सुकते आणि ड्रमवर तिचा थर बसतो. त्यामुळे रीलची खरी निगा केबल आत घेतानाच राखावी लागते.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग बाहेरच्या सॉकेटमधून काढावा, गाडीतला इन्व्हर्टर बंद करावा आणि रील मोटरवर चालणारी असल्यास तिचा १२ व्होल्टचा फ्यूजही काढून ठेवावा. मग केबल पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावी आणि नंतर कोरड्या फडक्याच्या चिमटीतून सावकाश सरकवत न्यावी. असे करताना अंगठ्याला एखादी चीर, फुगवटा किंवा चपटलेला भाग लागला, तर तिथेच थांबून खूण करावी. प्लगजवळचा पहिला हातभर भाग सर्वांत जास्त वाकतो, म्हणून तो दोनदा तपासावा. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. त्यांनी वरचे आवरण फुगते किंवा कडक होते. चिरेवर टेप गुंडाळण्याची आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही, कारण टेपची कड रीलच्या तोंडाजवळच्या रोलरमध्ये अडकते आणि ओल आतच राहते. अशी केबल बदलावी.

द्राक्षबागांमध्ये भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधकाची फवारणी होते आणि गंधकामुळे पितळ व तांबे काळे पडते, म्हणून बागेतल्या मुक्कामानंतर प्लगच्या पिना आवर्जून पाहाव्यात. नुसता काळपटपणा कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. पण पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, तर तो सैल जोडामुळे तापल्याचा पुरावा असतो आणि प्लग बदलावाच लागतो. तोंडाजवळच्या रोलरना थोडा सिलिकॉन स्प्रे चालतो. ज्या रीलमध्ये स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश (फिरत्या ड्रममधून वीज पुढे नेणारी धातूची कडी आणि तिला घासत राहणारे कार्बनचे तुकडे) असतात, तिथे मात्र तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण तेलात ब्रशची भुकटी मिसळून चिकट काजळी तयार होते.

उष्णतेचा मुद्दा अनेकजण हसण्यावारी नेतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या १५ मीटर तांब्याच्या केबलीतून १६ अँपिअर प्रवाह गेला, तर तिच्यात सुमारे ६० वॉट उष्णता निर्माण होते. मोकळ्या हवेत पसरलेल्या केबलीला ती जाणवत नाही, पण बंद कप्प्यातल्या ड्रमवर वेढ्यावर वेढा असताना तिला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून एसी किंवा गीझर लावण्यापूर्वी केबल पूर्ण सोडावी, मग सॉकेट चार हातांवर का असेना. उरलेली केबल जमिनीवर सैल नागमोडी पसरून ठेवावी.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात केबल गाडीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळातूनच गळून जाते. ओली केबल गुंडाळण्यावाचून इलाज नसेल, तर घरी पोहोचताच ती पुन्हा बाहेर काढून सावलीत वाळवावी. निफाडकडच्या थंडीत पहाटे पीव्हीसी केबल ताठरते. ऊन वर आल्यावरच ती गुंडाळावी.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, प्लग काढलेला असताना, प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून गाडीच्या चॅसीपर्यंत (लोखंडी सांगाड्यापर्यंत) जोडणी मल्टीमीटरने तपासावी. वाचन एक ओहमपेक्षा कमी यावे आणि ड्रम हळूहळू फिरवताना ते उड्या मारू नये. मारत असेल तर स्लिप रिंग किंवा ब्रश झिजले असण्याची शक्यता असते. ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीचे (वीज गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामी वीज जोडल्यावर दाबून पाहावे.

केबल अर्ध्यावर अडत असेल, तर आधी रोलरमधली माती आणि ड्रमवर एकमेकांवर चढलेले वेढे पाहावेत. ते ठीक असूनही ओढ कमी वाटली, तर केबल आत ओढणारी स्प्रिंग थकलेली असू शकते. ताणलेल्या स्प्रिंगचा डबा घरी मुळीच उघडू नये, कारण पाते सुटून हात फाटतो. रील जाणकार कारागिराकडे द्यावी आणि परत घेताना ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून मागावे. ते एक मेगाओहमपेक्षा कमी भरले, तर रील गाडीत बसवू नये.